काशीचा ताठा

कामतघरच्या यंत्रमाग वस्तीत ठमाबाईला ओळखत नाही असं माणूस शोधायचं, तर कालच मुलुखातून उतरलेला एखादा नवा कामगार तेवढा सापडला असता. त्यालाही संध्याकाळपर्यंत तिनं "क्या रे, खाना खाया के नहीं?" म्हणून विचारून घेतलं असतं, आणि त्याच्या आईचं दुखणं काय ते तिला कळलेलं असतं. तीस वर्षं तिनं कांड्या भरल्या. लूमच्या धोट्यात आडव्या सुताची जी नळी बसते, ती कांडी. यंत्रावर ओळीनं कांड्या फिरत असतात, हात सुतावर असतो आणि तोंड मोकळं असतं. त्या मोकळ्या तोंडाचा ठमाबाईनं पुरेपूर उपयोग केला.

नवरा राघो लूमवर. तोही तीस वर्षांचा जुना कारागीर, आणि खडखडाटानं निम्मा बहिरा. त्यामुळे घरात बोलणं सगळं मोठ्यानं. चाळीतल्या बायका म्हणायच्या, "ठमामावशी, तुमच्या घरातलं गुपित आमाला फुकट कळतं." ठमाबाई म्हणायची, "मंग गुपित कशाला, बातमी म्हना."

एकुलता एक मुलगा भावेश, कशेळीच्या गोदामात ड्युटीला. त्याला बायको आणायची वेळ आली तेव्हा ठमाबाईनं फार लांब पाहिलं नाही. तिचं माहेर अकलोलीच्या पलीकडं, गरम पाण्याच्या कुंडांपासून तासभर चालत. तिथं तिचा थोरला भाऊ चांगदेव शेती करत होता, त्याची मुलगी माधवी लग्नाची होती. मामाची मुलगी म्हणजे घरातलीच. राघोनं एकदाच विचारलं होतं, "जरा भाईर बघू का?" तर ठमाबाई म्हणाली, "भाईरची येईल ती माझी उणी काढील. माझ्या भावाची लेक निदान हळू काढील." माधवी आली. सासूला आत्याच म्हणत राहिली, आणि उणी खरंच हळू काढली.

त्यांची मुलगी रुचिका. ही गोष्ट सुरू होते तेव्हा, दोन हजार सहाच्या दसऱ्याला, ती सात वर्षांची होती. अंगानं काडी, जिभेनं कातर. बोलताना आवाज जरा नाकातून यायचा. चालायची नीट, पण मान जराशी मागं टाकून, पुढून कुणी फोटो काढत असल्यासारखी. खाली पडलेलं काही उचलायचं तर पाठ ताठ ठेवून आधी गुडघे मोडायची आणि भरला हंडा उतरवावा तशी सावकाश खाली जायची. ठमाबाईला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. तिला ते बघितल्यासारखं वाटायचं, एवढंच. कुठं बघितलं, ते ती मनाला विचारत नव्हती.

दसऱ्याला चांगदेव आपट्याची पानं घेऊन आला. घरातल्या सगळ्यांनी त्याला सोनं दिलं, वाकून पाया पडले. रुचिकानं पानं हातात दिली आणि उभीच राहिली.

"पाया पड गो आजोबांच्या," माधवी म्हणाली.

"हात पोचत न्हाय," रुचिका म्हणाली. "आजोबांनी पाय वर करावेत."

सगळे हसले. चांगदेवही हसला आणि हसता हसता म्हणाला, "ठमे, नातीला ताठा हाय गो. आपल्या काशीवानी."

ठमाबाईच्या हातातली करंजीची ताटली तशीच राहिली. काशीचं नाव चाळीस वर्षांत कुणी काढलं नव्हतं.

काशी ठमाबाईची धाकटी बहीण. दोघींत दोन वर्षांचं अंतर. काशीला वाकता यायचं नाही. पण "येत नाही" असं कुणी म्हणालं नव्हतं, "वाकत नाही" असंच म्हणायचे सगळे. आता ज्या घरी भाताची शेती, त्या घरात न वाकणारी मुलगी म्हणजे काय ते सांगायला नको. लावणीच्या दिवसांत सगळं गाव कमरेत मोडलेलं आणि काशी एकटी बांधावर खांबासारखी उभी. "राणीसायेब, मुजरा घ्या," असं पोरं ओरडायची. तिच्या वाटणीची ओळ ठमाला लावावी लागायची, म्हणून ठमाचा तिच्यावर राग. सकाळी काशी डोकं धरून बसायची, दुखतंय म्हणायची. आई म्हणायची, कामाची वेळ झाली की हिचं कपाळ उठतं. ताठा उतरावा म्हणून बापानं तिला दोन हिवाळे कुंडावर नेऊन बसवलं. ती लाल होऊन परत आली, ताठ ती ताठच.

आणि एकदा देवळात, सगळ्या बायकांसमोर काशी देवीपुढं उभीच राहिली, तेव्हा ठमानं मागून तिची मान धरून खाली दाबली. काशी ओरडली नाही. नुसतं "ठमे" म्हणाली, हळू. ते "ठमे" ठमाबाईच्या कानात कांडीयंत्राच्या आवाजातसुद्धा कधी कधी यायचं.

चौदाव्या वर्षी काशी एका सकाळी उठलीच नाही. गावानं ठरवलं की वारं लागलं. ठमाचं त्याच वर्षी लग्न झालं.

तर चांगदेव हसता हसता बोलून गेला आणि दुसऱ्या दिवशी गावी निघून गेला. इकडे ठमाबाई नातीच्या मागं मागं फिरू लागली. मान बघ, पाठ बघ. शेवटी तिनंच माधवीला म्हटलं, "पोरीला डॉक्टरला दावू."

हाडांच्या डॉक्टरनं कॅल्शियम दिलं. दुसऱ्यानं तेल दिलं. तिसरा म्हणाला, चालतेय ना, मग काय. एका दवाखान्यात नवी डॉक्टर मुलगी होती, तिनं मात्र रुचिकाला टेबलावर उताणी झोपवलं आणि सांगितलं, "आता डोकं उचल बरं, बाळ."

"उचलून कुठं ठेवू?" रुचिका म्हणाली. पण डोकं उशीवरून बोटभरही उठलं नाही. ती हसायची थांबली. तिला स्वतःलाही ते तेव्हाच कळलं असावं.

तिथून मुंबईच्या मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी मिळाली. कशेळीच्या पुलावर ट्रकांच्या रांगेत दोन तास काढून सगळं बिऱ्हाड तिथं पोचलं. तिथल्या बाई डॉक्टर पन्नाशीच्या, शांत, चष्मा डोक्यावर विसरून टेबलावर शोधणाऱ्या. त्यांनी रुचिकाला चालवलं, बसवलं, वाकवून पाहिलं. मग कागद घेऊन विचारलं, "घरात आणखी कुणाला असं होतं का? मान ताठ, पाठ ताठ? लहान वयात गेलेलं कुणी?"

राघोला ऐकू आलं नाही. भावेश-माधवीला ठाऊक नव्हतं. तिघांनी ठमाबाईकडं पाहिलं.

"न्हाय," ठमाबाई म्हणाली.

ती खोटं बोलली का? तिला विचाराल तर ती म्हणेल, काशी आजारी कुठं होती, काशीला ताठा होता. आजाराचं विचारलं, ताठ्याचं नाही. पण हेही खरं की नाही म्हणताना तिनं माधवीकडं बघितलं नाही. माधवी तिच्या माहेरची. भावेश तिच्या पोटचा. काशीचं नाव त्या कागदावर पडलं तर बोट कुणाकडं वळेल, हे कळायला शाळा लागत नाही.

रक्त काढलं. ते परदेशात जाणार, उत्तर यायला महिने लागणार, असं सांगितलं. आठ महिने लागले.

कागद आला तेव्हा भावेश एकटाच आणायला गेला. बाई डॉक्टर गावाला गेल्या होत्या. तिथल्या शिकाऊ डॉक्टरनं कागद वाचून सांगितलं की अंगात सेलेनियम असलेली काही प्रोटीनं असतात, त्यातलं एक रुचिकाच्या अंगात बनत नाही. पुढचं मॅडम सांगतील, तीन आठवड्यांनी या.

भावेश घरी आला आणि म्हणाला, "सेलेनियम कमी हाय."

बघा, एवढ्यावर गाडी फिरली. डॉक्टर काय म्हणाला आणि भावेशनं काय आणलं, यात कशेळीचा पूल आडवा होता. पण त्या घरात त्या दिवशी जेवण गोड लागलं. कमी आहे ना, मग भरून काढू. आजवर कुणी काय ते सांगितलंच नव्हतं, आता निदान नाव तरी मिळालं. ठमाबाईनं ते शेलनी असं करून घेतलं आणि शेजारणींना सांगितलं, "पोरीला शेलनी कमी पडली." जशी काही साखरच.

मेडिकलमध्ये त्याच्या गोळ्या मिळाल्या. भावेशनं सांगितलं, रोज एक. ठमाबाई रोज एक द्यायला लागली, सकाळी दुधाबरोबर. राघोला वाटलं, लूमवर सूत कमी पडलं की आपण जास्तीचं लावतो, एकानं काय होणार. त्यानं आपली वेगळी बाटली आणली. शिफ्टवरून आला की चिक्कीच्या तुकड्याबरोबर एक. भावेशला आईच्या आठवणीचा भरवसा नव्हता, तो ड्युटीवर जायच्या आधी एक द्यायचा. आणि माधवी आई होती, तिनं शाळेच्या डब्याच्या झाकणात एक ठेवायला सुरुवात केली. कुणी कुणाला बोललं नाही. चौघांनाही वाटायचं, आपल्या हातची जास्त लागू पडेल. रुचिकानं गुपचूप चारी खाल्ल्या. वर ठमाबाईनं अकलोलीहून कुंडाचं पाणी दोन कॅन भरून आणलं. गंधकाचा वास असलेलं ते पाणी रुचिका नाक धरून प्यायची आणि म्हणायची, "आजी, हे अंडं धुतलेलं हाय."

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ठमाबाई तिची वेणी घालत होती.

"लसूण खाल्लीस गं?"

"न्हाय."

"वास येतोय तोंडाला."

"तुझा उपास हाय ना आज. घरात लसूण चिरली कुनी?"

ठमाबाईनं फणी खाली घेतली. फणीत केसांचा पुंजका होता. रोज चार-पाच केस निघायचे, हा मूठभर होता. तिनं तो पदरात लपवला आणि वेणी तशीच बांधली, सैल.

तीन आठवडे झाले तसे सगळे मुंबईला गेले. बाई डॉक्टरांनी रुचिकाची नखं पाहिली, केस पाहिले, तोंड उघडायला लावलं, आणि चष्मा डोक्यावरून खाली घेतला.

"हिला सेलेनियम कोण देतं?"

ठमाबाईनं हात वर केला. भावेशनंही केला. मग माधवीनं. राघोला काय विचारलं ते कळलं नव्हतं, पण सगळ्यांनी हात वर केले म्हणून त्यानंही केला, आणि तो बरोबरच होता.

चौघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"मला वाटलं चार लिहिल्यात," रुचिका म्हणाली.

बाई डॉक्टर हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. हे फार झालं की विष होतं, म्हणाल्या. श्वासाला लसणीचा वास येतो, केस-नखं जातात. आजपासून एकही नाही. मग त्यांनी खुर्च्या जवळ घ्यायला सांगितल्या. भावेश बापाच्या कानाशी बसला, शब्द न् शब्द पुन्हा ओरडून सांगायला.

त्या म्हणाल्या, माणसाच्या अंगात सेलेनियम घातलेली प्रोटीनं पंचवीसेक आहेत. म्हशीलाही असतात, शेळीलाही, उंदरालाही, थोडीफार इकडंतिकडं. एक जातीची रक्ताला आणि काळजाला गंज चढू देत नाहीत. एक जातीची गळ्यातल्या ग्रंथीचं काम चालवतात, त्यावर मुलांची वाढ असते. एक प्रोटीन यकृतातून निघतं आणि सेलेनियम मेंदूपर्यंत पोचवतं. एकावाचून पुरुषाचं बी धड होत नाही. आणि एक स्नायूंसाठी आहे. ते नेमकं काय काय करतं, ते आम्हीही अजून शोधतोय. पण स्नायू घडताना ते नसेल तर मान आणि पाठ अशी होते. रुचिकाची बाकीची सगळी ठीक आहेत. हे एक नाही.

"चोवीस बरी, एक न्हाय," ठमाबाई म्हणाली. "मंग त्या चोवीसांतलं थोडं..."

"तसं उसनं घेता येत नाही, आजी."

"आमच्या गावाला एक पारडू व्हतं, असंच ताठ."

"असेल. जमिनीत, चाऱ्यात सेलेनियम नसलं की वासरं, करडं अशी ताठतात. त्यांना ते दिलं की पुष्कळदा उभी राहतात. हिला सेलेनियम कमी नाहीच. कधीच नव्हतं."

वासराला उपाय आहे. ठमाबाईला एवढंच कळलं आणि तेच कळायला नको होतं.

"कमी न्हाय तर बनत का न्हाय?" राघोनं मोठ्यानं विचारलं. बाहेर बाकावर बसलेली माणसंसुद्धा वळली.

बाई डॉक्टरांनी कागदावर एक लांब रेघ काढली. शरीरात प्रोटीन बनतं ते लिहिलेल्या हुकुमाप्रमाणं, एकेक मणी जोडत. हुकुमात एक खूण असते, तिचा अर्थ 'इथं थांबा'. पण ह्या पंचवीस प्रोटीनांत तीच खूण मधेच येते आणि तिथं थांबायचं नसतं, तिथं सेलेनियमचा मणी घालून पुढं जायचं असतं. ते कसं कळायचं? तर हुकुमाच्या शेवटी एक वेगळी सूचना असते. ती असली की थांबायचं नाही. रुचिकाच्या त्या सूचनेतलं एकच अक्षर बदललंय.

भावेशला हे बापाला ओरडून सांगताना घाम फुटला. निम्मं त्यालाही कळलं नव्हतं. पण राघो रेघेकडं बघत होता. त्यानं बोट पुढं केलं आणि खुणेवर ठेवलं.

"हे ताक्याचं निशाण," तो म्हणाला. मग बाई डॉक्टरांना समजावून सांगायला लागला, जशा काही त्याच पेशंट होत्या. "सायझिंगवाले, म्हंजे उभ्या सुताला खळ लावनारे, बीमच्या रुळावर गुंडाळलेल्या सुतावर रंगाचं निशाण मारतात. कापड विणत निशाणापर्यंत आलं की ताका पुरा झाला, कापायचा. पण एखाद्या येळी लांब मालाची आर्डर असते. तवा बीमला चिठ्ठी बांधलेली असते, की ह्या निशाणाला कापू नका, रंगीत दोऱ्याचा एक आडवा धागा टाका आन् फुडं चला. चिठ्ठी पडली का कारागीर काय करनार? निशाण दिसलं, त्यानं कापला. त्याची काय चुकी? माल आखूड आला."

"हो," बाई डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी आपल्याच रेघेवर पुन्हा नजर फिरवली. "असंच. अगदी असंच आहे."

"आन् आमी रंगीत दोरा आनत बसलो."

"हो."

"मंग चिठ्ठी परत बांधा की."

बाई डॉक्टरांनी पेन टोपणात घातलं. "ती कशी बांधायची ते अजून जगात कुणाला येत नाही, बाबा."

तीस वर्षांत राघोनं एकही ताका चुकीचा कापला नव्हता. त्याला त्या खोलीत सगळ्यांत जास्त कळलं होतं आणि तोच सगळ्यांत गप्प झाला. न कळणाऱ्याला निदान गोळ्या आणायला धावता येतं.

मग बाई डॉक्टरांनी विचारलं, "सकाळी उठल्यावर डोकं दुखतं का हिचं?"

"कवाकवा," माधवी म्हणाली. "शाळेत जायच्या येळी. मला वाटलं, शाळेचा कंटाळा."

ठमाबाई उभी राहिली. का उभी राहिली ते तिलाच कळलं नाही. हुकूम ऐकल्यासारखी.

"काशीचं पन दुखायचं," ती म्हणाली.

"काशी कोण?"

"माझी भैन. तिला वाकता यायचं न्हाय. मान अशीच. सकाळी डोकं धरून बसायची. चौदाव्या वर्षी सकाळची उठलीच न्हाय." थांबून म्हणाली, "मागं विचारलात तवा मी न्हाय म्हनाले."

माधवीनं तिच्याकडं पाहिलं. बाई डॉक्टरांनी नवा कागद घेतला आणि पुरुषाला चौकोन, बाईला गोल असं काढायला लागल्या. ठमाबाईच्या आईबापांकडून बदललेल्या अक्षराची एकेक प्रत ठमाबाईत आणि चांगदेवात आली, ठमाबाईची भावेशमध्ये, चांगदेवाची माधवीमध्ये. एकच प्रत असली तर माणसाला काही होत नाही. रुचिकात दोन्हीकडून येऊन दोन्ही बदललेल्या झाल्या. काशीचंही तसंच. त्यांनी दोन गोल काळे केले, काशीचा वर, रुचिकाचा खाली. मधली रेघ सरळ ठमाबाईतून जात होती.

"हे आधी कळलं असतं तर?" भावेशनं विचारलं. आईकडं न बघता.

"मान-पाठ तशीच राहिली असती," बाई डॉक्टर म्हणाल्या, आणि शब्द शोधून पुढं बोलल्या. "पण ह्या मुलांचा श्वास झोपेत कमी पडतो. सकाळची डोकेदुखी त्याचीच. श्वासाची तपासणी आठ महिने आधी केली असती, एवढंच."

एवढंच. ठमाबाईनं तो शब्द पदराला बांधून घरी आणला.

परतताना कशेळीला गाडी अडकली तेव्हा माधवी म्हणाली, "आत्या."

"बोल."

"काशीआत्याचं मला कुनीच सांगितलं न्हाय. बापानं दसऱ्याला नाव काढलं, पन त्यानंसुद्धा न्हाय."

"सांगन्यासारखं काय केलं व्हतं आमी तिचं?" ठमाबाई म्हणाली. "मी तर तिची मान दाबली व्हती."

माधवीनं रुचिकाचं डोकं आपल्या खांद्यावरून उचलून सासूच्या खांद्यावर ठेवलं, कारण तो खांदा जाड होता. रागावली होती की नव्हती, ते ठमाबाईला आजतागायत कळलं नाही.

तपासणी झाली. श्वास खरंच कमी पडत होता. इस्पितळातल्या एका संस्थेनं श्वासाचं मशीन वापरायला दिलं. रेडिओएवढी पेटी, एक नळी आणि नाकावर बसवायचा मुखवटा. झोपताना लावायचा, सवय व्हावी म्हणून दुपारीही लावायचा. रुचिका म्हणाली, "मी हत्ती झाले." सकाळची डोकेदुखी गेली. पाठ मात्र हळूहळू एका बाजूला झुकायला लागली, आणि त्याला पेटी नव्हती.

दोन हजार आठचा दसरा आला. चांगदेव पानं घेऊन आला. त्याला माधवीनं गावी जाऊन सगळं सांगितलं होतं, त्यामुळे तो दारातच जरा थांबला. रुचिका पुढं झाली, पानं दिली आणि उभी राहिली. या वेळी पाया पड म्हणून कुणी सांगितलं नाही.

"दादा," ठमाबाई म्हणाली, "पोटमाळ्याच्या शिडीवर चढ."

"काय?"

"चढ. पोरीचा हात पोचत न्हाय."

सत्तरीचा म्हातारा, धोतर सावरत तीन पायऱ्या चढला आणि चौथीवर बसला. पाय खाली लोंबत होते, रुचिकाच्या छातीशी. रुचिकानं उभ्या उभ्याच, पाठ न मोडता, दोन्ही पायांना हात लावला आणि कपाळाला नेला.

"आजोबा, पाय धुऊन यायचं की," ती म्हणाली.

"धुतो गो," चांगदेव म्हणाला. "फुडल्या खेपेला धुतो." आणि त्याला खाली उतरवायला राघो आणि भावेश दोघं लागले.

जेवणं झाली. दुपारी रुचिका आतल्या खोलीत मशीन लावून झोपली. ठमाबाई उशाशी बसली, चांगदेव दाराला टेकून. भिंतीपलीकडं दसऱ्याची पूजा आटोपून लूम चालू झाले होते. खडखडाटात पेटीचा आवाज येत नव्हता, पोरीचा श्वासही येत नव्हता. नुसता मुखवटा दिसत होता आणि पेटीवरचा हिरवा दिवा.

सव्वादोनला लाईट गेली. लोडशेडिंगची रोजची वेळ ती. पलीकडचे लूम एकेक करून थांबले, हिरवा दिवा विझला. ठमाबाईनं मुखवटा काढून बाजूला ठेवला. गल्लीत एकदम शांत झालं, एवढं की तलावाकडचे कावळे ऐकू यायला लागले. आणि रुचिकाचा श्वास ऐकू आला. बारीक, उथळ, दारात उभं राहून आत यावं की न यावं करणाऱ्या माणसासारखा.

हे असंच होतं. लाईट असली की मशीन चालतं पण लूमपायी श्वास ऐकू येत नाही. लाईट गेली की तो ऐकू येतो, तेव्हा मशीन बंद असतं. ठमाबाईनं तिच्या छातीवर हात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. झोप मोडायची की मोडू द्यायची नाही, हे ती रोज या वेळेला ठरवायची आणि रोज तिला ते ठरवता यायचं नाही.

"ठमे," चांगदेव हळू म्हणाला. "काशीचा श्वास असाच व्हता का गो?"

ठमाबाईनं पोरीच्या कपाळावरचे केस मागं सारले.

"आपन कवा ऐकला, दादा?" ती म्हणाली.

दोघं बसून राहिले. लाईट यायला अजून दोन तास होते.